बिनमुहूर्ताची लग्नं

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले आणि लोक अजून तुमच्याविषयी चांगलंच बोलतात. मला वाटलं होतं, तेरवीपर्यंत चालेल आणि मग आपोआप थांबेल. पण नाही. परवा पंचायत समितीतले तुमचे दोन जुने सहकारी येऊन बसले, चहा प्यायले, बिस्किटांची बशी रिकामी केली आणि उठताना एक जण म्हणाला, "मॅडम, लय मानसं पाह्यली, पण भाऊसारखा देवमानूस नाही पाह्यला." मी मान हलवली. देवमाणूस म्हणे. ज्यानं जवळजवळ वर्षभर पायांची सूज पायजम्यात लपवली, विचारलं की "उभं राहून राहून आली असीन" असं सांगितलं, तो देवमाणूस. रिटायर होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाला उभं राहायचं काम काय, एवढं तरी त्या दोघांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. पण त्यांना काय, त्यांना तुमच्याबरोबर राहायचं नव्हतं.

तेव्हा तुमच्याविषयी कुणीतरी खरं बोललं पाहिजे आणि लग्न झाल्यापासून ते काम माझ्याकडेच आहे. शिवाय मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून निघून जायची तुमची जुनी सवय. भाजीची पिशवी उचलायची आणि बाजारात निघायचं, परत येईपर्यंत समोरच्याचा राग निवलेला असतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. या वेळी मात्र तो निवलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या मांजरीनं काल दुपारपासून तोंडाला काही लावलेलं नाही. तिला खामगावला डॉक्टरकडे न्यायचं आहे आणि ती माझ्या हाती येत नाही. तुमच्या हाती यायची. कशी यायची ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. सांगितलंत ते सगळं खोटं होतं, हे मला आज सकाळी कळलं. त्यावर मी येणारच आहे, पण आधी पहिल्यापासून.

तिचं नाव तुम्ही ठेवलंत, हेडबाई. गावाला त्यात गंमत वाटली. मला काय वाटलं ते गावानं विचारलं नाही. मुख्याध्यापिका म्हणून माझी ऑर्डर आली होती डोणगावची. जिल्ह्याचं एक टोक आपलं संग्रामपूर आणि दुसऱ्या टोकाला मेहकरच्या पलीकडे ते डोणगाव. तुम्ही ऑर्डर वाचलीत, घडी घातलीत आणि म्हणालात, "तुले जायचं तं जाय. मी काय, करीन खिचडी." एवढंच. नको म्हणाला असतात तर मी भांडून गेले असते. तुम्ही खिचडी म्हणालात. मी बढती नाकारली आणि पुढची सगळी वर्षं माझ्याहून धाकट्या बाईच्या हाताखाली चौथीचा वर्ग सांभाळला. मग मी रिटायर झाल्यावर मोरीच्या दगडाखाली ते राखाडी पिल्लू सापडलं, माझ्या खुर्चीवर चढून बसलं आणि सगळ्यांकडे असं बघायला लागलं की जणू आमच्या वह्या तपासायच्या राहिल्यात. तुम्ही म्हणालात, "घे. घरात एक तं हेडबाई पाह्यजे." चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. ते तुमच्या लक्षातही आलं नाही, कारण ते चार दिवस तुम्ही तिच्याशी बोलत होतात.

लोक म्हणायचे, मूलबाळ नाही ना, म्हणून मांजर पोटच्या पोरासारखं. असं म्हणणाऱ्यांची तोंडं मी लक्षात ठेवली आहेत. पोरासारखं काही नव्हतं ते. पोराला तुम्ही शाळेत घातलं असतंत आणि विसरला असतात.

चार वर्षांपूर्वी ती पाणी फार प्यायला लागली. माठाखालच्या गळतीशी तासन् तास बसायची आणि अंगानं झडत चालली होती. हे तुमच्या लक्षात आलं. माझा चष्मा बदलला ते आठ महिन्यांनी कळलेल्या माणसाच्या हे दोन दिवसांत लक्षात आलं. तुम्ही तिला पिशवीत घालून आधी आपल्या इथल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलंत. तिथे बैल बांधायचा लोखंडी खोडा, बाहेर दोन म्हशी, आणि रजिस्टरात मांजराला रकाना नाही. लिहिणाऱ्यानं विचारलं, "का लिहू?" तुम्ही सरकारी माणूस. रकाना रिकामा राहिलेला तुम्हाला बघवत नाही. तुम्ही म्हणालात, "शेळी लिहा." डॉक्टर भला माणूस होता. हसला नाही. म्हणाला, "भाऊ, बैलाचं विचारा, सांगतो. हिले खामगावले दाखवा, तिथं मांजरीची डॉक्टरीण हाये."

त्या खामगावच्या डॉक्टरीणबाई माझ्या एखाद्या जुन्या तुकडीतल्या पोरींएवढ्या. त्यांनी रक्त काढलं आणि किडनी म्हणून सांगितलं. आपल्या भागात या शब्दाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. खारं पाणी पिऊन पिऊन गल्लोगल्ली माणसं खंगली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मांजरांना जन्मतःही असतं काका, पाण्यानंच झालं असं नाही. बरं होत नाही, पण सांभाळलं तर वर्षानुवर्षं जगतात." तुम्ही पहिलं वाक्य ऐकलंच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हेडबाईला कॅनचं पाणी. स्टीलची वेगळी वाटी, दिवसातून तीनदा ताजं. आणि तुम्ही स्वतः त्याच स्वयंपाकघरात, तिच्या वाटीशेजारी उभं राहून, बोअरच्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचात. मी ओरडले की म्हणायचात, "कॅनच्या पाण्याले चव नाही." मी चौथीच्या पोरांना शुद्ध पाणी, अशुद्ध पाणी हा धडा तीस वर्षं शिकवला. त्यातल्या एकाही पोरानं मला असं उत्तर दिलं नाही.

मग सलाईन. एक दिवसाआड, कातडीखाली. डॉक्टरीणबाईंनी एकदा दाखवलं आणि तुम्ही शिकलात. गॅसचं सिलिंडर आयुष्यात कधी न बदललेला माणूस. बाटली आधी कोमट पाण्यात धरायची, मग कॅलेंडरच्या खिळ्याला टांगायची, हिला मांडीवर घ्यायचं, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई अशी सारायची की तिचा कानसुद्धा हलायचा नाही. पाणी चढलं की खांद्यावर उंचवटा यायचा. "पाह्य, उंट झाली," तुम्ही दर वेळी म्हणायचात, जणू पहिल्यांदाच सुचलंय. ती स्थिर बसावी म्हणून तुम्ही तिला ऑफिसातल्या जुन्या फायलींच्या गोष्टी सांगायचात. कोणत्या साहेबानं कोणती फाईल दाबली, कोणत्या बाबूनं ती कशी काढली. ती झोपून जायची. लग्नानंतर त्याच गोष्टी तुम्ही मला सांगितल्या होत्यात, तेव्हा मीही झोपायचे. नंतर सगळं एका हिरव्या वहीत लिहायचात, आज किती खाल्लं, किती प्याली, वजन किती. माशीच्या पायाचं तुमचं अक्षर. मी ती वही कधी उघडली नाही. कौतुक करावं लागलं असतं.

घरी अशी गरीब असणारी ही दवाखान्यात मात्र वाघ व्हायची. दुसऱ्या खेपेला गाडीत तिच्या तोंडाला फेस आला, तिसऱ्या खेपेला तिनं तुमच्या पायजम्यावर सगळं केलं आणि चौथ्या खेपेला ती सापडलीच नाही. मी फक्त म्हणाले होते, "उद्या हिला दवाखान्यात न्यायचंय ना?" ती खिडकीतून उठली आणि दिवसभर दिसली नाही. डॉक्टरीणबाईंनी युक्त्या सांगितल्या. टोपली नेहमी उघडीच ठेवा, आत तुमचा वापरलेला कपडा घाला, म्हणजे तिला ती आपली जागा वाटेल. निघायच्या आधी ही गोळी चिमूटभर सायीत द्या. वरून ओढणी टाका, बाहेरचं दिसू देऊ नका. तुम्ही सगळं केलंत. भाजीच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून नाड्यानं बांधल्यात. आणि शब्दाचं तुम्हीच काढलंत.

"तो शब्द घरात नाही काढाचा," तुम्ही म्हणालात. "तिले कयते."

"मग काय म्हणायचं?"

तुम्ही विचार केलात. "लग्नाले जायचं हाये असं म्हणू. लग्नाले कोण भेते."

मी हसले. मला ते मूर्खपणाचं वाटलं, पण सोयीचंही वाटलं. त्यानंतर चार वर्षं आपण दर तीन महिन्यांनी लग्नाला गेलो. मी आंघोळ करून येईपर्यंत हेडबाई टोपलीत, नाडा बांधलेला, ओढणी टाकलेली. तुम्ही शेजारी छाती काढून उभे. "पाह्य, लग्न म्हटलं का कशी मुकाट्यानं येते." तुमच्या बनियनवर समोरून धूळ असायची. सकाळी सकाळी कुठे लोळून आलात, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, व्यायाम करून राह्यलो. हातावर ओरखडे असायचे. ते सलाईनच्या वेळचे, असं तुम्ही म्हणायचात. मीही मानत गेले. चाळीस पोरांच्या खोट्या सबबी चेहऱ्यावरून ओळखणारी बाई मी, तुमच्यापुढे असा कसा माझा बावळटपणा झाला, कोण जाणे.

शेजारच्या दुर्गाबाईंनी आपल्याला पहिल्या वर्षी श्रावणात पकडलं. मी कुलूप लावत होते, तुम्ही टोपली गाडीत ठेवत होतात.

"कोठी चालले एवढ्या सकाळी?"

"लग्नाले," तुमच्या तोंडून निघून गेलं.

"श्रावणात?"

दुसरा कुणी असता तर हसून खरं सांगितलं असतं. तुम्ही म्हणालात, "घाईचं हाये जरा."

संध्याकाळी परत आलो तोवर गल्लीला सगळं कळलेलं होतं. मॅडमच्या नात्यातली कुणी पोरगी पळून गेली, मुहूर्त पाहायलाही सवड नाही, कोर्टात लग्न लावलं. तीन बाया माझं सांत्वन करायला आल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुर्गाबाईंनी तुम्हाला विचारलं, "पोरगी कशी हाये हो भाऊ?"

"डोये घारे हायेत," तुम्ही म्हणालात. "पण रस्ताभर रडली."

"माहेर सुटते, रडीनच ना."

दिवाळीत त्यांनी पुन्हा चौकशी केली, त्या पोरीचं बरं आहे ना, काही गोड बातमी. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "बातमी नाही. पण पाणी लय पिते." मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून बसले होते. हे मी लिहायला नको होतं. तुमची बाजू वर जाते.

आता तुमच्या पायांकडे येऊ. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुमच्या चपलेचा पट्टा लागेना. अंगठ्यानं दाबलं तर पायावर खळगा राहायचा. तोंड सकाळी फुगलेलं. मी म्हणाले, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, बघू. मी दुसऱ्या दिवशी म्हणाले, तिसऱ्या दिवशी म्हणाले. संक्रांतीला म्हणाले, होळीला म्हणाले, पोळ्याच्या दिवशी पुरणाचा घास हातात असताना म्हणाले. तुम्ही दर वेळी भाजीची पिशवी उचललीत. घरात भाजी सडायला लागली इतकी भाजी तुम्ही आणलीत. मांजरीच्या रक्तातलं क्रिएटिनिन तुम्हाला तोंडपाठ. स्वतःच्या बोटातून एक थेंब रक्त काढू दिलं नाहीत. मी तुम्हाला भित्रा म्हणाले. नेभळट म्हणाले. रागावले की माझी शाळेतली शुद्ध भाषा सुटते, मी म्हणाले, "त्या मांजरीइतकी बी हिंमत नाही तुमच्यात, ते तं जाते निदान." तुम्ही तिच्या वाटीतलं पाणी बदलत राहिलात.

पितृपक्षात एका दुपारी तुम्हाला जिना चढताना धाप लागली आणि तुम्ही मधल्या पायरीवर बसलात. हेडबाई वरून खाली आली आणि तुमच्याशेजारी बसली. मी खाली उभी होते. दवाखाना हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. का कोण जाणे, मी म्हणाले, "उद्या लग्नाले जाऊ."

तुम्ही मान वर केलीत. मग विचारलंत, "पितृपक्षात कोणाचं लग्न असते वं?"

"हाये एक. घाईचं."

तुम्ही बराच वेळ मांजरीची मान खाजवत बसलात. मग म्हणालात, "शर्टाले इस्त्री पाह्यजे मंग."

आणि स्वतः केलीत. सकाळी सात वाजता तयार, केस विंचरलेले, निळ्या रेघांचा तो लग्नाकार्याचा शर्ट. दुर्गाबाई अंगणात होत्या, पण त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. गाडीत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. तुमची मांजर परवडली, ती निदान ओरडून तरी घेते. मला मात्र तेव्हा काय वाटत होतं सांगू? मी जिंकले असं वाटत होतं. वर्षभराचं भांडण मी जिंकले होते.

खामगावला दाखवलं, तिथून लगेच अकोल्याला पाठवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की इतके दिवस काय केलंत. तुम्ही चौथ्या दिवशी गेलात. भेटायला येणारे अजून विचारतात, शेवटी काय बोलले. माणसं शेवटी देवाचं नाव घेतात, बायकोचा हात धरतात, निदान चुकलंमाकलं म्हणतात. तुम्ही म्हणालात, "सुई बारीक आणजो. जाडीनं तिले लागते." हे मी त्यांना सांगत नाही. मी सांगते, शांतपणे गेले.

मी बारीक सुई आणली. सलाईन मीच देते, एक दिवसाआड. पहिल्यांदा सुई आरपार गेली आणि सगळं पाणी माझ्या साडीवर. आता जमतं. फायलींच्या गोष्टी मला येत नाहीत, मी तिला पाढे म्हणून दाखवते. तेराच्या पाढ्यापर्यंत ती बसते. पण टोपलीत ती जात नाही. परवा न्यायचं होतं, नाही सापडली. काल सकाळी गोळी सायीत दिली, साय चाटली आणि गोळी फरशीवर ठेवून गेली. मी घरात तो शब्द काढलेला नाही. तुमचा लग्नाचा शब्दही नाही. कुणाजवळ काढायचा? खुणेच्या शब्दाला समोर दुसरं माणूस लागतं.

आज सकाळी दुर्गाबाई आल्या. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले, त्यांच्या नातीचं जमलं आहे. पत्रिका घेऊन आल्या होत्या. कुंकवाची डबी त्यांच्या हातात होती, माझ्याकडे बघून त्यांनी ती हळूच पिशवीत सरकवली. मी बघितलं, त्यांनीही बघितलं की मी बघितलं. मग उगीच मोठ्यानं म्हणाल्या, "मॅडम, लग्नाले यायचं बरं. काही नाही होत. लग्नाले आलंच पाह्यजे तुम्ही."

हेडबाई खिडकीत उन्हाला बसली होती. दुर्गाबाईंच्या तोंडून पहिलं 'लग्नाले' आलं आणि तिचे कान मागे गेले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा ती उडी मारून तुमच्या खाटेखाली शिरली, पार भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत.

दुर्गाबाई गेल्यावर मी खाटेपाशी वाकले. वाकून भागेना म्हणून फरशीवर पालथी पडले, या वयात, आणि आत हात घातला. तिनं मनगटावर तीन ओरखडे काढले. मी उठले तर साडीला समोरून सगळी धूळ. ती धूळ बघितली आणि तुमचं बनियन आठवलं. म्हणजे तिला तो शब्द कळत होता. पहिल्यापासून कळत होता. मुकाट्यानं वगैरे ती कधीच आली नव्हती. दर तीन महिन्यांनी, मी आंघोळीला गेले की, तुम्ही त्या खाटेखाली पालथे पडून तिला काढत होतात, आणि गेलं वर्षभर त्या सुजलेल्या पायांनी. आणि वर मला सांगत होतात, पाह्य, लग्न म्हटलं का कशी येते.

कसं काढत होतात ते बघायला म्हणून मी हिरवी वही उघडली. सगळं आहे तिच्यात. तुमचं ते अक्षर भिंगाखाली धरून वाचलं. "लग्न, खामगाव. खाटेखालून काढाले अर्धा तास." "लग्न, खामगाव. शर्ट काढून आत टाकला तं त्याच्यावर येऊन बसली. मंग शर्टासगट ओढली." "लग्न, खामगाव. लय भेली. मीबी." चार वर्षांच्या नोंदी मी पाहिल्या. दवाखाना हा शब्द तुम्ही एकदासुद्धा लिहिलेला नाही.

मांजरीला वाचता येत नाही हो. तिच्यापासून वहीत काय लपवायचं होतं?

तो शब्द तिच्यासाठी नव्हताच. तिला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. दवाखान्याला भ्यायचात ते तुम्हीच, आणि तिच्यासाठी म्हणून तुम्ही स्वतःलाच फसवून तिथवर नेत होतात. लग्नाले कोण भेते. हे तुम्ही माझ्यादेखत म्हणाला होतात. चार वर्षं तुम्ही मला तुमच्याच तोंडानं सांगत होतात की तुम्हाला कसं न्यायचं असतं, आणि मी दिवाळीपासून पोळ्यापर्यंत तुमच्या कानाशी दवाखाना, दवाखाना ओरडत होते. एकदाच म्हणाले, लग्नाले जाऊ. आणि तुम्ही इस्त्री केलीत. दिवाळीत म्हणाले असते तरी केली असतीत.

तुम्ही भित्रे होतात. ते मी मागे घेत नाही. पण माझ्यासारखी मूर्ख बाई मुख्याध्यापिका झाली नाही, ते सरकारचं नशीब.

अकोल्याहून आणलेली पिशवी मी अजून उघडली नव्हती. आज उघडली. निळ्या रेघांचा शर्ट तसाच होता, चुरगळलेला, न धुतलेला. तो खाटेखाली टाकला आणि पलीकडे तोंड करून बसले. पाढे म्हणत होते. सतरापर्यंत आले तेव्हा शर्टावर वजन पडल्याचा आवाज आला. तुम्ही लिहिलंय तसं शर्टासकट ओढलं, टोपलीत ठेवलं, नाडा बांधला. ती ओरडली नाही. शर्टात तोंड खुपसून बसली आहे. गाडीवाल्याला फोन केला आहे, तो अर्ध्या तासात येतो म्हणाला, तेवढ्या वेळात हे लिहिते आहे. डॉक्टरीणबाई काय सांगतील ते ऐकायला आता तुम्ही शेजारी नाही, मलाच ऐकावं लागेल. मला भीती वाटते आहे.

वहीत आजची तारीख टाकली. पुढे लिहिलं, लग्न, खामगाव. माझं अक्षर तुमच्या अक्षराखाली फार मोठं दिसतं.

तीस वर्षं मी लोकांच्या पोरांच्या वह्या घरी आणून तपासल्या, याच टेबलावर, लाल पेन घेऊन. तुमची चार वर्षं इथेच पडली होती, तेवढी तपासायची राहिली.